निबिरू ग्रहाची भीती : घाबरलेल्या मुलाला पडताळून पाहता येईल असे काय सांगावे?

कृत्तिका :

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आठवीत शिकतो. गेले काही महिने तो निबिरू नावाच्या ग्रहाविषयीच्या चित्रफिती सतत पाहत आहे. सूर्यमालेच्या दूरच्या टोकाकडून एक मोठा ग्रह येत आहे, तो पृथ्वीजवळून गेला की पृथ्वीचे ध्रुव उलटतील, समुद्र जमिनीवर चढेल, आणि हे सारे ठाऊक असूनही नासा ते लपवत आहे, असे त्या चित्रफितींत ठामपणे सांगितलेले असते. २०२५ साली थ्री-आय ॲटलास हा धूमकेतू आला तेव्हा ‘हाच तो’ असे सांगणाऱ्या चित्रफितींचा पूर आला, आणि तेव्हापासून त्याची भीती फारच वाढली. आता तो रात्री खोलीतला दिवा बंद करू देत नाही, आणि परवा त्याने आईला विचारले, की सगळे संपणारच असेल तर शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास कशासाठी करायचा.

त्याच्या वडिलांनी मोबाइल काढून घेतला, तर ‘तुम्हालाही खरे लपवायचे आहे’ असे तो म्हणू लागला. शास्त्रज्ञ हे खोटे असल्याचे सांगतात, असे म्हटले तर त्याचे उत्तर तयार असते, की शास्त्रज्ञच तर लपवत आहेत. त्यामुळे कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता त्याला स्वतःला तपासता येईल असे काही सांगता येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ही कल्पना मुळात आली कोठून, हेही जाणून घ्यायला आवडेल, कारण तो ‘पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरियन लोकांना हे माहीत होते’ असे वारंवार सांगतो.

ध्रुवमत्स्य :

कृत्तिकाताई, उगमापासून सुरुवात करतो, कारण या कथेचे वय कळले की तिचा निम्मा दरारा ओसरतो. निबिरू हे नाव प्राचीन मेसोपोटेमियातील मृत्तिकापट्टांवर खरोखरच आढळते. बाबिलोनी ग्रंथांत त्याचा संबंध मर्दुक या देवाशी जोडलेला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो आपल्या परिचयाच्या गुरू ग्रहाला लागू पडतो. दर ३,६०० वर्षांनी सूर्यमालेत शिरणारा अज्ञात ग्रह असा अर्थ त्याला १९७६ साली झेकारिया सिचिन यांनी आपल्या पुस्तकातून दिला. त्यांच्या मते त्या ग्रहावरील रहिवाशांनी सुमेरियन संस्कृती घडवली. मेसोपोटेमियाच्या भाषा आणि ज्योतिर्गणित यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी हे वाचन स्वीकारलेले नाही.

सिचिन यांचा एक लाडका पुरावा म्हणजे बर्लिनच्या संग्रहालयातील ‘व्हीए २४३’ या क्रमांकाची एक दंडगोल मुद्रा. तिच्यावर मधोमध एक तारा आणि त्याभोवती काही ठिपके कोरलेले आहेत, आणि ती सूर्यमाला आहे असे ते सांगत. परंतु मेसोपोटेमियात सूर्य दाखवण्याची ठरलेली आकृती वेगळी होती. वर्तुळात चार टोके आणि त्यांच्यामधून निघणाऱ्या नागमोडी किरणरेषा अशी ती असे. मुद्रेवरील मध्यवर्ती आकृती तशी नाही. शिवाय तिच्यावरील लेखात ग्रहांचा उल्लेखच नाही, त्यात व्यक्तींची नावे आहेत. ज्यांनी शुक्राच्या उदयास्तांच्या आणि ग्रहणांच्या इतक्या काटेकोर नोंदी ठेवल्या, त्यांच्या नोंदींत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांपलीकडचा एकही ग्रह नाही. मुलाला त्या मुद्रेचे आणि सूर्यचिन्हाचे छायाचित्र शेजारीशेजारी ठेवून दाखवावे. फरक त्याचा त्यालाच दिसेल.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की सिचिन यांच्या लेखनात नजीकच्या जगबुडीची तारीख नव्हती. ती नंतर आली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या नॅन्सी लीडर यांनी १९९५ पासून आपल्या संकेतस्थळावर असे लिहायला सुरुवात केली, की परग्रहवासी त्यांच्या मेंदूत बसवलेल्या यंत्रामार्फत संदेश देतात आणि एक प्रचंड ग्रह पृथ्वीजवळून जाणार आहे. त्यांनी सांगितलेली तारीख २७ मे २००३ ही होती. तो दिवस गेला. मग माया संस्कृतीच्या दीर्घ कालगणनेतील तेराव्या बक्तून या कालखंडाची समाप्ती, म्हणजे २१ डिसेंबर २०१२ हा दिवस, या कथेला जोडण्यात आला. तोही गेल्यावर जगबुडीची भाकिते करणारे लेखक डेव्हिड मीड यांनी २३ सप्टेंबर २०१७ ही तारीख दिली आणि ती गेल्यावर ऑक्टोबरकडे बोट दाखवले. ग्रह तोच राहतो, पुरावाही तोच राहतो, आणि बदलते ती केवळ तारीख, हे त्या मुलाने स्वतःच्या वहीत क्रमाने लिहून काढावे, असे मला मनापासून वाटते. आज फिरणाऱ्या चित्रफितीतील तारीखही त्याच यादीत खाली लिहावी.

कक्षागणित :

वरील प्रतिसाद उत्तम आहे. ‘कोणावरही विश्वास न ठेवता’ ही ताईंची अट मला फार योग्य वाटते आणि ती पाळता येण्यासारखी आहे, म्हणून गणिताकडे वळतो. आठवीच्या मुलाला घन आणि वर्ग येतात, त्याला हे स्वतः करता येईल.

केप्लरचा तिसरा नियम सांगतो, की ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा (वर्षांत) वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या (सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटींत) घनाएवढा असतो. गुरूसाठी आधी ताळा करून घ्यावा : अंतर ५.२, घन सुमारे १४०.६, काळ ११.८६ वर्षे, वर्ग सुमारे १४०.७. नियम बसतो आहे हे त्याला दिसले, की मग ३,६०० वर्षे घ्यावीत. वर्ग येतो १,२९,६०,०००, आणि त्याचे घनमूळ सुमारे २३५. म्हणजे असा ग्रह पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येत असेल, तर कक्षेच्या दुसऱ्या टोकाला तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळजवळ ४७० पट दूर जायला हवा. इतक्या लांबट कक्षेत वस्तू सूर्याकडे कोणत्या वेगाने येते हेही ठरलेले आहे. हिशेब केला तर असे निघते, की पृथ्वीजवळ पोहोचण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी ती नेपच्यूनच्या अंतरावर, दोन वर्षांहून थोडे अधिक आधी शनीच्या अंतरावर आणि साधारण अकरा महिने आधी गुरूच्या अंतरावर असली पाहिजे. पृथ्वीच्या कक्षेशी तिचा वेग सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर असेल.

आता पाहा. ‘पुढच्या वर्षी येणार’ असे कोणी म्हणत असेल, तर तो ग्रह या क्षणी जवळपास गुरूच्या अंतरावर हवा. तो केवळ पृथ्वीएवढा असला, तरी तेवढ्या अंतरावर अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि शनीच्या अंतरावर असताना हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीत सहज सापडेल. चित्रफितींत तर तो पृथ्वीहून कितीतरी मोठा सांगितलेला असतो. अनोळखी तेजस्वी ठिपका तारकांच्या पार्श्वभूमीवर सरकत असेल, तर तो पुण्याजवळच्या एखाद्या टेकडीवरून, नामिबियातल्या शेतावरून आणि चिलीतल्या गच्चीवरून एकाच वेळी दिसेल.

यावर दोन ठरावीक उत्तरे येतात. पहिले असे, की तो दक्षिणेकडून येत असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या साधारण १६ ते २२ अंश उत्तरेस आहे, त्यामुळे दक्षिण खगोलीय ध्रुवाभोवतीचा लहान भाग सोडला, तर जवळजवळ सारे दक्षिण आकाश वर्षभरात आपल्या क्षितिजावर येऊन जाते. अगस्तीचा तारा दक्षिणेकडे इतका खाली असूनही आपण तो हिवाळ्यात रोज पाहतो. शिवाय दक्षिण गोलार्धात कोट्यवधी लोक राहतात आणि जगातील अनेक मोठ्या दुर्बिणी तेथेच आहेत. दुसरे उत्तर असे, की तो सूर्याआड दडला आहे. पृथ्वी सूर्याभोवती दररोज साधारण एक अंश फिरते. त्यामुळे आपल्याकडे येणारी वस्तू सूर्याआड वर्षभर राहूच शकत नाही. थ्री-आय ॲटलास ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या दृष्टीने सूर्यापलीकडे गेला होता, तरी त्याच महिन्यात मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपीय यानाने त्याची छायाचित्रे घेतली. १९ डिसेंबर २०२५ रोजी तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, तेव्हाही अंतर होते सुमारे २७ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापेक्षाही कितीतरी अधिक.

दिसण्याचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी वजन लपत नाही. युरेनसच्या चालीत आढळलेल्या किंचित फरकावरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न पाहिलेल्या ग्रहाची जागा गणिताने काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. आज मंगळावरील यानांना पाठवलेल्या रेडिओ संदेशांवरून मंगळाचे अंतर काही मीटरांपर्यंत अचूक मोजता येते. जवळ येणाऱ्या ग्रहाची ओढ त्या मोजमापांत प्रथम उमटली असती. आणि सर्वांत बिनतोड मुद्दा मला हा वाटतो : सूर्यमाला सुमारे साडेचार अब्ज वर्षांची आहे. त्या काळात ३,६०० वर्षांची फेरी बारा लाखांहून अधिक वेळा झाली असती. एवढ्या वेळा मोठा ग्रह आतल्या ग्रहांमधून गेला असता, तर पृथ्वीची कक्षा आज आहे तशी जवळजवळ वर्तुळाकार उरली नसती आणि चंद्र बहुधा आपल्याजवळ राहिला नसता. आज रात्री चंद्र जागेवर असणे हाच त्या कथेविरुद्धचा पुरावा आहे.

‘दोन सूर्य’ दाखवणाऱ्या छायाचित्रांसाठी एक सोपा प्रयोग आहे. सूर्याकडे थेट न पाहता, फक्त मोबाइलच्या पडद्याकडे पाहत, मावळत्या सूर्याचे चित्र घ्यावे आणि मोबाइल हळूहळू तिरपा करावा. भिंगातील परावर्तनामुळे दिसणारा दुसरा सूर्य लगेच पडद्यावर सरकू लागतो. नंतर विजेच्या खांबाआड किंवा इमारतीच्या कोपऱ्याआड खरा सूर्य झाकावा. त्यासरशी दुसराही नाहीसा होतो. आकाशात खरोखर दुसरी वस्तू असती, तर पहिली झाकल्यावर ती अधिकच ठळक दिसली असती.

कृत्तिका :

आपणा दोघांचे मनापासून आभार. गुरूचा ताळा मी स्वतः करून पाहिला आणि आज संध्याकाळी त्याच्यासोबत बसणार आहे. मात्र त्याने मला एक जुने वृत्तपत्रीय कात्रण दाखवले आहे. नासाच्या अवकाश दुर्बिणीला १९८३ साली गुरूएवढी वस्तू सापडल्याचे त्यात छापलेले आहे. कात्रण खोटे वाटत नाही. शिवाय ‘नववा ग्रह’ शोधत असल्याचे शास्त्रज्ञ आजही सांगतात, मग तोच निबिरू कशावरून नाही, असे तो विचारतो. याला काय उत्तर द्यावे?

अवरक्त :

कात्रण खरेच आहे, आणि ते खरे असल्याचे त्याला आधी मोकळेपणाने सांगावे. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून सोडलेल्या आयरास या उपग्रहाने १९८३ मध्ये सुमारे दहा महिने संपूर्ण आकाशाची अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात पाहणी केली. त्यात काही ठिपके असे आढळले, ज्यांच्या जागी साध्या दुर्बिणीतून काहीच दिसत नव्हते. वॉशिंग्टन पोस्टने त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर ही बातमी छापली. पत्रकाराने शक्यता विचारल्या आणि शास्त्रज्ञांनी त्या सांगितल्या. जवळचा मोठा ग्रह ही त्यांतली एक, फार दूरची धुळीने झाकलेली दीर्घिका ही दुसरी. पुढे मोठ्या दुर्बिणींनी पाहिल्यावर त्या वस्तू दूरच्या दीर्घिका आणि आपल्याच आकाशगंगेतील विरळ धूलिमेघ असल्याचे निष्पन्न झाले. मथळा लोकांच्या लक्षात राहिला. उत्तर शोधपत्रिकेत छापले गेले, ते कात्रणाइतके कोणी फिरवले नाही. मला या साऱ्या प्रकरणात याचेच सर्वाधिक वाईट वाटते, कारण आयरासचे खरे काम किती मोठे होते, हे त्या मुलापर्यंत पोहोचतच नाही.

पुढे २००९ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या वाइज या अवरक्त दुर्बिणीने तोच शोध कितीतरी अधिक संवेदनक्षमतेने केला. तिच्या नोंदी वापरून खगोलशास्त्रज्ञ केव्हिन लुहमन यांनी २०१४ साली दाखवून दिले, की शनीएवढी किंवा त्याहून मोठी वस्तू सूर्य-पृथ्वी अंतराच्या १०,००० पटींपर्यंत, आणि गुरूएवढी किंवा त्याहून मोठी वस्तू २६,००० पटींपर्यंत नाही.

नवव्या ग्रहाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेतील कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी जानेवारी २०१६ मध्ये तो असावा असे मांडले, कारण नेपच्यूनपलीकडच्या काही लहान वस्तूंच्या कक्षा एकाच दिशेला झुकलेल्या आढळतात. त्यांचा अंदाज पृथ्वीच्या पाच ते दहा पट वस्तुमानाच्या ग्रहाचा आहे. तो अद्याप सापडलेला नाही आणि त्या कक्षांचे झुकणे निरीक्षणांच्या मर्यादेमुळे भासत असावे, असे म्हणणारे खगोलशास्त्रज्ञही आहेत. परंतु तो असलाच, तर सूर्याच्या सर्वांत जवळ येतानाही तो नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडे राहतो. या ग्रहाची कल्पना मांडणाऱ्यांनी त्याविषयीचे गणित सर्वांसाठी खुले ठेवले आहे आणि इतरांनी तो शोधावा म्हणून आकाशाचा कोणता भाग पाहावा तेही प्रसिद्ध केले आहे. लपवणारे लोक असे करत नाहीत.

आणखी एक. २०१९ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला दुसरा ज्ञात पाहुणा सापडला, तो कोणत्याही सरकारी संस्थेला नव्हे, तर गेनाडी बोरिसोव्ह यांना, क्रिमियात, त्यांनी स्वतः घडवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. त्या धूमकेतूला त्यांचेच नाव आहे. आपल्याकडे लडाखमध्ये हानले येथे आणि जुन्नरजवळ गिरवली येथे दोन-दोन मीटरच्या दुर्बिणी आहेत, आणि त्यांवर काम करणारी बरीच मंडळी तरुण विद्यार्थी आहेत. या सर्वांचे तोंड कोणी कसे बंद करणार?

फळा_आणि_खडू :

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून भीतीविषयी थोडे लिहिते. वरचे सारे मुद्दे बरोबर आहेत, पण रात्री दिवा सुरू ठेवणाऱ्या मुलाची भीती एका संध्याकाळच्या गणिताने जाईल, असे धरून चालू नये.

ही भीती निरुपद्रवी नसते. हेल-बॉप धूमकेतू १९९७ च्या एप्रिलमध्ये संध्याकाळी वायव्येला किती सुंदर दिसत असे, हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. त्याच धूमकेतूमागे शनीसारखी एक वस्तू येत असल्याचा दावा नोव्हेंबर १९९६ मध्ये ह्यूस्टनमधील एका हौशी निरीक्षकाने छायाचित्रावरून केला. ती वस्तू म्हणजे नकाशात आधीपासून असलेला एक साधा तारा होता. हे खगोलशास्त्रज्ञांनी लगेच सांगितले, तरी दावा पसरत राहिला. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील रँचो सांता फे येथे ‘हेवन्स गेट’ पंथाच्या ३९ जणांनी, धूमकेतूमागून आपल्याला न्यायला यान येत आहे अशा श्रद्धेने, प्राण दिले. २०१२ च्या आधी नासाचे डेव्हिड मॉरिसन लोकांच्या शंकांना उत्तरे देत असत. त्यांच्याकडे हजारो प्रश्न आले, आणि जीव देण्याचा विचार बोलून दाखवणारी मुलेही त्यांत होती, असे त्यांनी लिहिले आहे. ताई, म्हणून त्याचा ‘अभ्यास कशासाठी’ हा प्रश्न टाळू नका. तो अभ्यासाविषयीचा प्रश्न नाही.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांना ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवते. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर यज्ञ झाले आणि लोकांनी खरोखर धास्ती घेतली होती. घरात कोणी त्या काळचे असेल, तर त्यांना ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले होते, शाळेत गेला होतात का, सहा तारखेला काय केलेत’ असे त्या मुलाला विचारू द्यावे. आजोबांनाही भीती वाटली होती, हे ऐकल्यावर मुलाला स्वतःच्या भीतीची लाज वाटेनाशी होते.

मोबाइल हिसकावू नये, मात्र एकट्याने पाहू देऊ नये. शेजारी बसून एक चित्रफीत मध्येमध्ये थांबवत पाहावी आणि प्रत्येक वेळी एवढेच विचारावे : हे कोणी मोजले, आणि आपल्याला ते पुन्हा मोजता येईल का? एकामागून एक तशाच चित्रफिती समोर येत राहतात, त्यामुळे पाहिलेल्यांची नोंद पुसून टाकणे आणि झोपण्यापूर्वी पडदा बंद ठेवणे यांचा खरोखर उपयोग होतो. झोप, भूक किंवा शाळा यांवर परिणाम होत राहिला, तर समुपदेशकाला भेटावे. टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

ध्रुवमत्स्य :

फळा_आणि_खडू यांनी लिहिलेले फार महत्त्वाचे आहे. त्याला जोडून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची लाट कधी येणार हे ठाऊक आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा साधारण साडेतीनशे मीटर रुंदीचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपल्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. २००४ साली तो सापडला, तेव्हा टक्कर होण्याची शक्यता काही दिवस २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती आणि ती जाहीरपणे सांगण्यात आली होती. पुढे निरीक्षणे वाढली तशी ती घटत गेली, आणि मार्च २०२१ मधील रडार निरीक्षणांनंतर किमान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नसल्याचे स्पष्ट झाले. तो लहान आहे, त्यामुळे जाताना ना समुद्र उसळेल, ना ध्रुव हलतील.

त्या मुलाला आतापासून या लघुग्रहाची वही घालायला सांगावी. कक्षा, अंतर, तेजस्विता हे सारे आकडे खुले आहेत, आणि ते काळानुसार कसे सुधारत गेले हेही पाहता येते. पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत वरळीला नेहरू तारांगण आहे. अशा एखाद्या ठिकाणच्या आकाशदर्शनाला त्याला घेऊन जावे आणि दुर्बिणीतून गुरू व त्याचे चार चंद्र दाखवावेत. दुसऱ्या रात्री त्याच चंद्रांच्या बदललेल्या जागा त्याने स्वतः कागदावर काढाव्यात. आपण कोणत्या शहरात आहात ते कळवल्यास जवळच्या कार्यक्रमाची चौकशी करून सांगतो.